गोधडी आणि लयतत्त्व

घरगुती हस्तव्यवसायांचा विचार आपल्याकडे बहुधा लोकजीवनाच्या किंवा अर्थोत्पादनाच्या प्रकरणात होतो. सौंदर्यशास्त्रात त्यांना क्वचितच प्रवेश मिळतो. सूत कातणे, विणकाम, गोधडी शिवणे ही कामे उपयुक्त आहेत, आणि उपयुक्तता हा कलामूल्याला बाध आणणारा धर्म होय, असे त्यामागील गृहीत असते. हे गृहीत कितपत टिकते, हे गोधडीच्या उदाहरणावरून तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथातून मांडलेले लयतत्त्व गोधडीला लावून पाहिले, तर ते सहज लागू पडते असे दिसते. समांतर धावदोऱ्यांच्या ओळींत संवाद आहे. जुन्या लुगड्याच्या गडद काठाशेजारी विटक्या धोतराचा तुकडा येतो तेव्हा विरोध आहे. आणि चारही बाजूंनी आत सरकत जाणारी शिवण मध्याशी येऊन थांबते, त्यात समतोल आहे. म्हणजे केवळ रचनेच्या कसोटीवरही गोधडी कलाकृती ठरू शकते. तथापि खरा प्रश्न येथूनच सुरू होतो. या कसोटीने गोधडीला जो मान मिळतो, तो गोधडी म्हणून मिळतो, की ती एखाद्या चित्रासारखी दिसते म्हणून?

अमेरिकेत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन व गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील गोधड्या अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर मांडण्यात आल्या. उपेक्षित वस्तूंकडे रसिकांचे लक्ष वेधले गेले, हे या प्रदर्शनाचे श्रेय नाकारता येत नाही. परंतु पॅट्रिशिया मेनार्डी यांनी १९७३ मधील आपल्या लेखात या दृष्टीवर नेमके बोट ठेवले. गोधड्यांची चित्रांशी तुलना करून त्यांना मोठेपण देताना, त्या शिवणाऱ्या स्त्रियांचे जाणते कर्तृत्व मात्र दुर्लक्षिले जाते, असा त्यांच्या आक्षेपाचा रोख होता. भिंतीवर टांगलेली गोधडी डोळ्यांपुरती उरते. तिचे वजन, ऊब, हाताला जाणवणारी टाक्यांची उंचसखल वीण ही सारी अंगे गळून पडतात.

अलाबामातील जीज बेंड या वस्तीतील मिसूरी पेटवे यांनी १९४२ साली पतीच्या निधनानंतर त्याच्या कामाच्या कपड्यांची एक गोधडी शिवली. त्या वस्तीतील गोधड्यांचे प्रदर्शन २००२ मध्ये ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात भरले, तेव्हा त्यांच्या धीट रचनेची मोठी प्रशंसा झाली. पण या गोधडीतील पट्ट्यांची मांडणी कोणाच्या अंगावरील कापडाची आहे, हे बाजूला ठेवून तिचे सौंदर्य सांगता येईल काय?

यावर असा आक्षेप संभवतो की, आठवण ही कलाबाह्य गोष्ट आहे. तिला स्थान दिले तर प्रत्येक जुन्या चिंधीला कलाकृती म्हणावे लागेल. आक्षेप रास्त आहे. केवळ आठवणीने सौंदर्य सिद्ध होत नाही. मात्र तिचा आणि उपयोगाचा रचनेत शिरकाव होतो, तेव्हा त्यांना बाह्य म्हणता येत नाही. कापड कोठे झिजले आहे, यावर ठिगळाचा आकार ठरतो. विरलेला तुकडा आतल्या थरात जातो, धडका वर येतो. टाके विरळ पडले तर आतले थर सरकून गोळा होतात. म्हणून ओळींमधील अंतर डोळ्यांच्या आवडीइतकेच उबेच्या गरजेनेही ठरते. मर्ढेकरांची लय येथे नाकारली जात नाही. ती कोठून जन्मते, एवढेच स्पष्ट होते.

घरी बसून शिवणारीचा आनंदही याच जागी शोधावा लागतो. पूर्ण झालेली गोधडी पाहण्याचा आनंद नंतरचा. तत्पूर्वी हाताला गती सापडते, पुढचा तुकडा कोणता याचा निर्णय होतो, चुकलेली ओळ उसवली जाते. निवड आणि उसवण या दोन्ही क्रिया रसिकतेच्या आहेत. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी व अलौकिकतावादी अशा दोन्ही भूमिकांची दखल घेतली. गोधडी या दोहोंमधील ताण मिटवीत नाही; तो वापरात ठेवते.

यातून अभ्यासपद्धतीविषयी एक निष्कर्ष निघतो. गोधडीची किंवा वाकळीची नोंद करताना केवळ छायाचित्र व मोजमाप पुरेसे नाही. थर किती, कापड कोणाचे, शिवण कोणत्या बाजूने सुरू झाली, आणि शिवणारीच्या मते ती कोठे साधली व कोठे फसली, हेही लिहून घ्यावयास हवे. तिची संमती असेल तर तिचे नावही. संग्रहातील वस्तूखाली ‘अज्ञात स्त्री’ असे लिहिले जाते, तेव्हा ते अज्ञान पुष्कळदा न विचारल्याचे असते.