भुतांचा शहरप्रवेश : मराठी भयकलेची सद्यःस्थिती

पुण्यातल्या कोथरूडला लागून असलेल्या वेताळ टेकडीच्या माथ्यावर वेताळाचे देऊळ आहे. भुतांचा अधिपती आणि गावाचा राखणदार अशा दुहेरी नात्याने लोकमानसात वावरणाऱ्या या दैवतात मराठी भयकल्पनेचे एक जुने सूत्र सापडते, ते असे की ज्याचे भय वाटते त्यालाच रक्षणासाठी साकडे घालावे.

भयातून आनंद कसा मिळतो, या प्रश्नाचा विचार भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी केला. भरताने ‘भय’ या स्थायी भावापासून, म्हणजे मनात मुळातच वसणाऱ्या वृत्तीपासून, भयानक रस निष्पन्न होतो असे सांगितले. आणि अभिनवगुप्ताने ‘शाकुंतला’तील जीव घेऊन पळणाऱ्या हरणाच्या उदाहरणाने दाखवले की तेथे प्रेक्षकाला जाणवणारे भय ना त्या हरणाचे असते ना त्याचे स्वतःचे, म्हणून ते टाळावेसे न वाटता आस्वादावेसे वाटते.

आधुनिक मराठीत हा आस्वाद मुख्यतः गद्याने घडवला. नारायण धारप (१९२५–२००८) यांच्या भयकथांत अमानवी शक्ती घरात शिरते खरी, परंतु ‘समर्थ’ या पात्रासारखा तारणहार तिच्याशी झुंजतो, त्यामुळे वाचकाला घाबरण्याची मुभा आणि सुटकेची हमी एकदमच मिळते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ही हमी काढून घेतली. त्यांच्या गूढकथेत, म्हणजे ज्या कथेत उलगड्यापेक्षा अनिश्चिततेला महत्त्व असते तीत, भयाचा उगम बहुधा मध्यमवर्गीय माणसाच्या मनातच असतो आणि म्हणून कोणताही मांत्रिक तेथे उपयोगाचा ठरत नाही.

पडद्याने मात्र पहिली वाट अधिक पसंत केली आणि भुताला पुन्हा गावी नेले. ‘रात्रीस खेळ चाले’ (२०१६) ही मालिका कोकणातल्या वाड्यात घडते. विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७) स्त्रीभ्रूणहत्येचे पाप उसाच्या फडात शोधतो. तर धारपांच्या कथेचे बीज लाभलेला राही अनिल बर्वे यांचा हिंदी ‘तुंबाड’ (२०१८) लोभाचे रूपक कोकणातल्या पावसात भिजवतो. यांतील शेवटच्या दोन कृती श्रेष्ठ ठरतात, कारण त्यांतील भूत हे माणसाच्या कृत्याचेच फळ आहे. तरीही नागर प्रेक्षकाला ते कृत्य दूरच्या गावाचे किंवा सरलेल्या काळाचे मानून निर्धास्त राहता येते. उलट आदित्य सरपोतदार यांच्या ‘मुंज्या’त (२०२४) कोकणातल्या पिंपळावरचे भूत, म्हणजे मुंज होऊन लग्नाआधीच मेलेल्या मुलाचा अतृप्त आत्मा, पुण्यापर्यंत पोहोचते, पण त्याच्या भयाला विनोदाची सोबत द्यावी लागते.

गावात भूत घाबरवते आणि शहरात हसवते, ही विभागणीच आजच्या भयकलेची मर्यादा होय. वाडे पाडून इमारती उभ्या राहिल्या आणि आता त्या इमारतींचाही पुनर्विकास चालू आहे. परदेशी गेलेल्या मुलांच्या फोनची वाट पाहणारे वृद्ध बंद दारांआड राहतात, आणि दारावरच्या कॅमेऱ्याला फक्त बाहेरून येणारा दिसतो. मतकरींनी दाखवलेले भय आतले असल्याने त्याला वाडा, ऊस किंवा पिंपळ लागत नाही. टेकडीवरच्या राखणदारालाही ज्याचा बंदोबस्त करता येणार नाही असे हे कोथरूडचे भय पडद्यावर अजून पुरेशा गांभीर्याने आलेले नाही.