‘सांबार’ : एका व्युत्पत्तिकथेची चिकित्सा

दक्षिणेतील ‘सांबार’ हे नाव छत्रपती संभाजी महाराजांवरून पडले, अशी कथा आपल्याकडे आवडीने सांगितली जाते. तंजावरच्या शाहजीराजांकडे आमसुलाऐवजी चिंच घालून केलेली आमटी महाराजांना वाढली गेली आणि पाहुण्याचेच नाव तिला मिळाले, असा तिचा आशय. शाहजी १६८४ साली गादीवर आले. महाराजांचा वध १६८९ साली झाला. तेव्हा कथेला कालाची बाधा नाही. परंतु जे कालदृष्ट्या संभवते ते घडलेच, असे ठरत नाही.

खरी अडचण भाषेची आहे. विदर्भात ‘सांबार’ म्हणजे कोथिंबीर. कानडीत ‘सांबार’ म्हणजे मसाल्याचे जिन्नस. केरळात ‘संभारम्’ म्हणजे आले-मिरची घातलेले ताक. ‘संभाजी’ या नावावरून यांपैकी एकाचाही उलगडा होत नाही. सामग्री या अर्थाच्या संस्कृत ‘संभार’ शब्दावरून मात्र तिन्हींचा होतो. मसाल्याच्या सामग्रीचे नाव ती घातलेल्या पदार्थाला मिळाले, एवढाच हा अर्थविस्तार.

तंजावरच्या मराठी राजवटीचा तेथील पाककलेवर ठसा उमटला की नाही, हा प्रश्न निराळा. पदार्थ मराठ्यांच्या मुदपाकखान्यात सिद्ध झाला असे मानले, तरी त्याचे नाव त्याहून व्यापक प्रदेशाचे आहे. अभिमानाला रुचते म्हणून व्युत्पत्ती स्वीकारली, की शब्दाचा खरा इतिहास हातचा जातो.