समकरण वक्र, ध्वनिमुद्रिकांचे

ध्वनिमुद्रिका कोरताना निरनिराळ्या कंप्रतांच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्यांच्या) ध्वनींच्या पातळीत हेतुपुरस्सर बदल करतात व पुनरुत्पादनाच्या वेळी तो उलट करून मूळ प्रमाण साधतात. हा बदल दर्शविणाऱ्या आलेखास समकरण वक्र म्हणतात.

विद्युत् मुद्रणाचा व्यापारी वापर १९२५ मध्ये सुरू झाला. विद्युत् चुंबकीय कर्तनशीर्षाने कोरलेल्या खाचेचे आंदोलन कंप्रता कमी होईल तसे रुंदावते व एक खाच शेजारच्या खाचेत शिरण्याचा संभव असतो. म्हणून खर्जाचे ध्वनी दाबून मुद्रित करण्यात येऊ लागले. पुढे उच्च कंप्रतांचे ध्वनी वाढवून कोरण्याची पद्धत आली. कारण वाजविताना ते कमी केले, की पृष्ठभागाची खरखरही कमी होते. तत्त्व समान असले, तरी मर्यादा प्रत्येक कंपनीने आपापल्या ठरविल्या. कोलंबियाच्या १९४८ च्या दीर्घवादी (एलपी) ध्वनिमुद्रिकांसाठी १०,००० हर्ट्‌झला १६ डेसिबेल, तर ऑडिओ एंजिनिअरिंग सोसायटीच्या १९५१ च्या वक्रात १२ डेसिबेल घट अपेक्षित होती.

अमेरिकेतील ध्वनिमुद्रण-उद्योगाच्या संघटनेने (आर्‌आय्‌एए) १९५४ मध्ये ३,१८०, ३१८ व ७५ मायक्रोसेकंद या कालांकांवर आधारलेला वक्र स्वीकारला. त्यानुसार १,००० हर्ट्‌झच्या तुलनेने ५० हर्ट्‌झला सु. १७ डेसिबेल वाढ व १०,००० हर्ट्‌झला १३·७ डेसिबेल घट करावी लागते. आर्‌सीएचा १९५३ चा वक्र जवळजवळ हाच होता. तेव्हा या मानकाचे श्रेय नव्या शोधाला नसून एकवाक्यतेला आहे.

हे मानक सर्व काळांतील तबकड्यांना लावणे मात्र चुकीचे ठरते. वरील दीर्घवादी वक्रांशी त्याचा १०,००० हर्ट्‌झला असलेला फरक सु. दोन डेसिबेलचाच आहे. परंतु ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्यांत उच्च ध्वनी मुळीच वाढविलेले नव्हते. कर्ण्यापुढे गाऊन १९०२ मध्ये कलकत्त्यात झालेल्या मुद्रणांच्या बाबतीत तर विद्युत् समकरणाचा प्रश्नच नव्हता. अशी तबकडी आधुनिक विवर्धकावर वाजविल्यास तंबोऱ्याची जवारी व शब्दांतील ऊष्म वर्ण पुसट होतात आणि यंत्राचा दोष गायकाच्या आवाजाला चिकटतो. अब्दुल करीमखाँसारख्या गायकांच्या आवाजाविषयीची मते पुष्कळदा अशा तबकड्यांवरूनच बनत असल्याने ही बाब संगीतसमीक्षेच्याही दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९५४ नंतरच्या ध्वनिमुद्रिकांबाबतचा वाद अधिक सावधपणे पाहावा लागतो. जुन्या साच्यांवरून पुढेही प्रती निघत. त्यामुळे वेष्टनावरील वर्ष पुरेसा पुरावा ठरत नाही. त्याचप्रमाणे केवळ कानाला गोड वाटला म्हणून निवडलेला वक्रही पुरावा ठरत नाही. कारण ध्वनिग्राहक, दालन व मुद्रकाची अभिरुची यांचाही नादावर परिणाम होतो. यास्तव जुन्या तबकड्यांचे जतन करताना समकरण न केलेली एक प्रत राखणे आणि ऐकण्याच्या प्रतीसोबत वापरलेल्या वक्राची नोंद देणे, हाच निर्दोष मार्ग होय.