एमपीथ्री आणि हिंदुस्थानी संगीताचा नाद : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
ऑडिओ फाइल लहान करताना संगीताच्या गुणवत्तेचे नेमके काय होते, याविषयी दोन टोकाची मते आढळतात. ‘कानाला फरक कळतच नाही’ हे एक आणि ‘एमपीथ्रीने संगीत मारले’ हे दुसरे. ही दोन्ही मते अपुरी आहेत, हे प्रस्तुत लेखात हिंदुस्थानी संगीताच्या संदर्भात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

संपीडनाचे तत्त्व :
सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी १६ बिटांचे, दोन वाहिन्यांत नोंदले जातात. म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. १२८ किलोबिटची एमपीथ्री फाइल त्याच्या अकराव्या हिश्श्यात बसते. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एमपीईजी-१ मानकातील ही पद्धत श्रवणाच्या मानसशास्त्रावर उभी आहे. प्रबळ ध्वनीलगतचा क्षीण ध्वनी कानाला जाणवत नाही, म्हणून तो कमी बिटांत नोंदला जातो किंवा वगळला जातो. थोडक्यात, येथे यंत्र श्रोत्याच्या वतीने ‘काय ऐकू येणार नाही’ हे आधीच ठरवते.

कसोटी :
या पद्धतीच्या जडणघडणीत जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा होता. तेथील कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग यांनी सुझान वेगा यांचे ‘टॉम्स डायनर’ हे साथीविना गायलेले गीत कसोटीसाठी घेतले, तेव्हा आरंभीच्या प्रयोगांत तो आवाज स्पष्टपणे बिघडला. एकल मानवी कंठ झाकायला आजूबाजूला दुसरा ध्वनी नसतो, हे त्यातून दिसते. ख्यालातील संथ आलापीला हा मुद्दा तंतोतंत लागू पडतो. तबल्याच्या बाबतीत दोष निराळा आहे. आघात तीव्र आणि बिट अपुरे असल्यास संकेतनातील त्रुटी आघाताच्या किंचित आधीच पसरते, आणि ‘ता’ची धार बोथट होते. दर फार घटवल्यास उच्च कंप्रता कापल्या जातात. तंबोऱ्याच्या जवारीचे तेज तेथेच प्रथम मंदावते.

मर्यादांचे स्वरूप :
तथापि ध्वनिमुद्रणाने संगीतावर मर्यादा घालण्याची ही पहिली वेळ नव्हे. १९०२ साली गौहरजान यांचे गायन मुद्रित झाले, तेव्हा राग सुमारे तीन मिनिटांत आटोपावा लागे. परंतु ती मर्यादा कलावंताला ठाऊक होती व त्याने तिच्याशी जुळवून घेतले. संपीडनाची मर्यादा गायन संपल्यावर लादली जाते आणि श्रोत्यापासून लपलेली राहते. येथे खरा आक्षेप आहे. उलटपक्षी, ३२० किलोबिटच्या उत्तम फाइलमधील फरक बहुतेक श्रोत्यांना सहजासहजी ओळखता येत नाही, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

निष्कर्ष :
प्रश्न श्रवणापेक्षा जतनाचा अधिक आहे. वगळलेला तपशील फाइल पुन्हा मोठी केल्याने परत येत नाही. उलट प्रत्येक नव्या संपीडनागणिक हानी वाढते. म्हणून महाविद्यालयांच्या संगीत विभागांनी जुन्या मैफलींची मूळ प्रत असंपीडित किंवा २००१ पासून उपलब्ध असलेल्या ‘फ्लॅक’सारख्या हानिरहित स्वरूपात ठेवावी आणि एमपीथ्री केवळ वितरणासाठी वापरावी. ज्या विद्यार्थ्याने तंबोरा केवळ क्षीण फाइलमधूनच ऐकला, त्याला जवारी म्हणजे काय हे व्याख्येने शिकवता येणार नाही.