हात धुण्याचा अर्थ

कॅथलिकांच्या मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस वेदीवर मांडून झाला की धर्मगुरू वेदीच्या कडेला उभा राहतो. वेदीसेवक त्याच्या बोटांवर पाणी ओततो, पुसायला कापड देतो, आणि विधी संपतो. याचे जुने लॅटिन नाव 'लवाबो', म्हणजे 'मी धुईन'. पाण्यावरून माणसाला माणसापासून तोडणाऱ्या समाजात मी जन्मलो. त्यामुळे पूजास्थानी कुणी हात धुताना दिसला की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा कुणाचा विटाळ धूत आहे?

जेरुसलेमच्या सिरिलच्या नावावर असलेल्या प्राचीन प्रवचनांत याचे उत्तर आहे. हात मळलेले असतात म्हणून ते धुतले जात नाहीत. आपण पापापासून शुद्ध असावे याची ती खूण आहे, असे तेथे सांगितले आहे. म्हणजे मळ दुसऱ्याच्या स्पर्शाचा नाही, स्वतःच्या कृत्याचा आहे. सोवळ्याची सारी मांडणी येथे उलटी होते. १९२७ साली महाडला आमची माणसे चवदार तळ्याचे पाणी प्याली, तेव्हा सवर्णांनी ते तळे पंचगव्याने 'शुद्ध' केले. दोष त्यांना आमच्या ओंजळीत दिसला. स्वतःच्या हातांकडे त्यांनी पाहिले नाही.

विधीचे शब्दही तपासले पाहिजेत. जुन्या लॅटिन मिस्सेत धर्मगुरू यावेळी सव्विसाव्या स्तोत्राचा उत्तरार्ध म्हणे. त्यातला भक्त स्वतःला निरपराधांत मोजतो आणि रक्तपात करणाऱ्यांच्या, लाचखोरांच्या रांगेत आपल्याला बसवू नये असे मागणे करतो. १९७० च्या नव्या मिस्साग्रंथात त्या जागी एक्कावन्नाव्या स्तोत्रातील याचना आली. आता धर्मगुरू स्वतःचा अपराध धुतला जावा म्हणून विनवतो. निरपराधित्वाच्या ग्वाहीकडून अपराधाच्या कबुलीकडे झालेला हा बदल मला फार मोलाचा वाटतो. मात्र ही कबुली तो मनाशी पुटपुटतो. समोरच्या लोकांना ती ऐकू जात नाही.

माझा आक्षेप येथेच आहे. पिलाताने गर्दीसमोर हात धुतले, आपण निर्दोष असल्याचे सर्वांना ऐकवले आणि येशूला क्रूसावर पाठवले. नाकबुली अशी चव्हाट्यावर, आणि कबुली मात्र कुजबुजत, हे कसे? एकट्या धर्मगुरूच्या पापापुरती कुजबुज चालेलही. पण ख्रिस्तसभेत अस्पृश्यता आहे, हे भारतातील कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेच २०१६ च्या आपल्या दलितविषयक धोरणात मान्य केले. तामिळनाडूत तर दलित ख्रिस्त्यांना दफनभूमीतही वेगळे ठेवल्याची उदाहरणे आहेत. हा अपराध एका माणसाच्या बोटांवरचा नाही, साऱ्या मंडळीचा आहे. तो चार थेंब पाण्याने आणि दबक्या आवाजाने कसा धुतला जाणार?

शिष्य हात न धुता जेवले म्हणून परूशींनी हरकत घेतली, तेव्हा येशू शिष्यांच्या बाजूने उभा राहिला. माणूस बाहेरच्या गोष्टीने नव्हे, आतून निघणाऱ्या दुष्टपणाने विटाळतो, असे त्याने बजावले. हे वचन मार्काच्या शुभवर्तमानात आहे. ते मिस्सेतही वाचले जाते. म्हणून हा विधी टाकून द्यावा असे मी म्हणणार नाही. जेथे दलितांची थडगी भिंतीपलीकडे आहेत, तेथल्या धर्मगुरूने हात जरूर धुवावेत. पण कबुली मोठ्याने द्यावी, 'माझा' ऐवजी 'आमचा' म्हणावे आणि मिस्सा संपल्यावर मंडळीला घेऊन ती भिंत पाडायला जावे.