‘चेमिरोचा’: जपणुकीचे श्रेय आणि मर्यादा

ह्यू ट्रेसी यांनी १९५० साली केनियातील कापकातेत येथे किप्सिगिस मुलींचे ‘चेमिरोचा’ हे छोटेसे गाणे ध्वनिमुद्रित केले. जिमी रॉजर्स या अमेरिकन गायकाच्या तबकड्या ग्रामोफोनसोबत त्या मुलखात पोहोचल्या होत्या. किप्सिगिस लोकांच्या जिभेवर त्याच्या नावाचे ‘चेमिरोचा’ झाले. ट्रेसी यांच्या टिपणानुसार, मुली त्याला अर्धा माणूस व अर्धा हरिण कल्पून नाचायला बोलावतात. परक्याचे अनुकरण न करता त्यालाच आपल्या रानात आणणारी ही प्रतिभा आहे. तंतुवाद्याच्या साध्या ठेक्यावर मुलींचे कोवळे आवाज आजही टवटवीत वाटतात.

ट्रेसी मूळचे इंग्लंडचे. दक्षिण ऱ्होडेशियात तंबाखूची शेती करताना ते मळ्यावरील मजुरांकडून त्यांची भाषा व गाणी शिकले. १९५४ साली त्यांनी आफ्रिकी संगीताचे संग्रहालय स्थापन केले. त्यांच्या एकाच मालिकेत दोनशेहून अधिक तबकड्या निघाल्या. या लोकसंगीताला कमी लेखणाऱ्यांत आम्ही मिशनरीही होतो, हे नम्रपणे मान्य केले पाहिजे. सूर बदलताच शब्दाचा अर्थ बदलणाऱ्या भाषांवर आम्ही युरोपीय स्तोत्रांच्या चाली चढवल्या. लोकांच्या स्वतःच्या संगीताला उपासनेत योग्य स्थान द्यावे, असे व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली सांगितले. ट्रेसी यांनी त्या संगीताची थोरवी त्यापूर्वीच ओळखली होती.

तथापि, या कार्याची उणीवही दिसते. तबकडीवर गाणे आले. पण ते जिथे उमलले ते अंगण व नाच मागे राहिले. वसाहतकाळात केरिचोच्या चहामळ्यांसाठी किप्सिगिस कुटुंबांच्या जमिनी गेल्या. ते दुःख या गोड सुरांत ऐकू येत नाही. शिवाय ज्यांचा हा आवाज, त्यांच्या घरी तो दीर्घकाळ पोहोचलाच नाही. २०१० नंतरच्या दशकात संग्रहालयाने ही ध्वनिमुद्रणे त्या गावांत परत नेली. माझ्या मते ट्रेसी यांचे कार्य तेव्हा कुठे पूर्णत्वाकडे वळले.

प्रभूच्या दाखल्यातील एका चाकराने धन्याचे धन जमिनीत पुरले. ते सुरक्षित राहिले, परंतु फळले नाही. संग्रहालयांनाही हा दाखला लागू पडतो आणि आपल्या आजीची लग्नगीते फितीवर उतरवून कपाटात ठेवणाऱ्या आपणांसही. जपलेले गाणे पुन्हा कुणाच्या तरी ओठी आले, तरच ते जपले असे म्हणावे.