लिओपोल्डच्या दोन मुली

आईने एक भाषा बोलायची, बापाने दुसरी, आणि कुणीही आपली भाषा सोडायची नाही. मुलाला लहानपणीच दोन भाषा याव्यात म्हणून सांगितला जाणारा हा नियम आता शास्त्रवचनासारखा उच्चारला जातो. त्यामागचे आधार तपासले, तर नियमापेक्षा त्याच्या फटीच जास्त बोलक्या वाटतात.

नियम मूळचा मोरिस ग्रामाँ या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाचा. झ्यूल रोंझाने तो घरात पाळला. रोंझा फ्रेंच, पत्नी जर्मन. मुलगा लुई याच्यावरचं त्याचं पुस्तक १९१३ साली निघालं. लुईला दोन्ही भाषा उत्तम आल्या. पुरावा झाला, पण एका घरातला आणि एका मुलाचा.

वर्नर लिओपोल्डचं काम याहून कितीतरी मोठं. शिकागोजवळ राहणारा हा जर्मन प्राध्यापक मुलगी हिल्डेगार्डशी जर्मन बोले, आई इंग्रजी. १९३९ ते १९४९ या काळात त्याचे चार खंड प्रसिद्ध झाले. पहिले तीन मुख्यतः पहिल्या दोन वर्षांतले शब्द, ध्वनी, व्याकरण यांचे. बापाच्या चिकाटीला हात जोडावेत असे, पण वाचायला कोरडे. मला मोलाचा वाटतो तो चौथा, दोन वर्षांनंतरच्या रोजनिशीचा. त्यात घर, शेजार, प्रवास येतो, आणि भाषा का वाढते, का आटते, हे दिसू लागतं.

हिल्डेगार्ड सुरुवातीला दोन्ही भाषांचे शब्द एकत्र वापरी. त्यावरून लिओपोल्डने ठरवलं, की मुलाच्या मनात आधी एकच सरमिसळ भाषा असते. हा निष्कर्ष पुढे कित्येक वर्षं चालला. १९८९मध्ये फ्रेड जेनेसी यांनी त्याला साधी हरकत घेतली: मूल कुणाशी बोलताना काय मिसळतं आणि मोठी माणसं स्वतः किती मिसळतात, हे पाहिल्याशिवाय असं म्हणता येत नाही. ज्या वस्तूचं नाव एकाच भाषेत येतं, तिथे मूल दुसरं काय बोलणार? याला गोंधळ म्हणणं म्हणजे हाताशी आहे त्यातून काम भागवणाऱ्याला अडाणी ठरवणं.

पाचव्या वर्षी हिल्डेगार्ड काही महिने जर्मनीत राहिली. बघता बघता तिची जर्मन धावू लागली, इंग्रजी मागे पडली. अमेरिकेत परतल्यावर उलट झालं. बाप तोच, नियम तोच. बदलली होती ती भोवतालची गरज.

धाकटी कार्ला तर नियमाची खरी परीक्षाच. तिला बापाची जर्मन समजे, बोलणं मात्र बहुतेक इंग्रजीत. थोरल्या बहिणीसारखी जर्मन तिच्या तोंडी बसली नाही. ग्रंथात ती कडेला राहते, आणि नियम सांगणारे तिला विसरतात. आनिक द हाउवर यांनी २००७मध्ये बेल्जियमच्या फ्लँडर्समधल्या सुमारे १,९०० कुटुंबांची पाहणी प्रसिद्ध केली. आईबापांनी भाषा वाटून घेतलेल्या घरांतली जवळजवळ पाव मुलं घरची दुसरी भाषा बोलत नव्हती. दोघंही घरात तीच भाषा बोलत, तिथे ती बहुधा टिकून होती. म्हणजे कार्ला अपवाद नव्हती.

हे वाचताना आपल्या सांगली जिल्ह्यातलं कुपवाड आठवतं. गंपर्झ आणि विल्सन यांचा १९७१चा अभ्यास प्रौढांच्या बोलीचा आहे, मुलांचा नाही. पण इथे तो उपयोगी पडतो. तिथे कन्नड, मराठी, उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. मराठीतल्या निर्जीव वस्तूंचं लिंग कन्नडच्या वळणाने नपुंसकाकडे गेलं. उर्दूने मराठीतला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद उचलला. व्याकरणं इतकी जवळ आली, तरी घरोघरची भाषा शब्दांनिशी वेगळी उरली, कारण घरात तीच चाले. लिओपोल्डला जी सरमिसळ बालपणीची पायरी वाटली, तसलीच देवाणघेवाण इथे जाणत्या माणसांच्या तोंडी पक्की झालेली.

म्हणूनच ‘मूल गोंधळतं, घरीही इंग्रजीच बोला’ हा इंग्रजी शाळांमधून मराठी आईबापांना मिळणारा सल्ला मला घातक वाटतो. शाळा, पडदा, रस्त्यावरच्या पाट्या, सोसायटीतला खेळ यांत इंग्रजी किंवा हिंदी आहेच. घरातूनही मराठी काढली, तर जिच्यावाचून अडेल असा एक तरी तास त्या मुलाच्या दिवसात उरतो का, हे सल्ला देणाऱ्यांना पालकसभेतच विचारायला हवं.